गळ्याचं माप

३ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मानेतली ही गाठ कधीपासून आहे?" दादा म्हणाला, "झाले असतील पंधरा-वीस दिवस."

मी शेजारच्या खुर्चीत. पंधरा-वीस दिवस? अरे, माझ्या मापवहीत तारखा आहेत. ऑक्टोबरपासूनच्या!

बाईंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "मलाही पंधरा दिवसांपूर्वीच हाताला लागली." मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातला खडू चाचपत बसलो. खोकल्यासारखं केलं. झालं, पुढचा प्रश्न आला.

सहा वर्षं दादाच्या रक्तात कॅन्सर आहे. हळू जातीचा. त्याला औषधसुद्धा नव्हतं—दर तीन महिन्यांनी तपासायचं, लक्ष ठेवायचं, बस. दादा त्याला 'माझा भाडेकरू' म्हणायचा. "आवाज नाही, कटकट नाही, राहतोय बिचारा." आम्ही हसायचो. डिसेंबरची तपासणी दादाने चुकवली. हे मला माहीत होतं. आणखी कुणालाच नव्हतं.

गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवणार.

५ मार्च

मापवही खालच्या खणात टाकली. वर अस्तराच्या कापडाचा गठ्ठा. कुणी मागायला येणार आहे का? तरी टाकली.

८ मार्च, शनिवार

लिहून तरी टाकू. इथे कोण वाचतंय!

दादाचे शर्ट मीच शिवतो, पण ते वहिनींच्या हातून यायचे आणि वहिनींच्या हातून जायचे. दादा अकरा वर्षांत दुकानाची पायरी चढला नव्हता. भांडण असं नाही. त्याच्या घरी एकदा त्याचे साहेब आले होते. तेव्हा माझी ओळख करून देताना म्हणाला, "हा धाकटा. अभ्यास झेपला नाही, मग कात्री हातात घेतली." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन ठरवलं—बस, आता कामापुरतं. दादा नकाशाच्या खात्यात होता, एका रेघेवरून वाद घालत शेजारच्या माणसाचा अर्धा दिवस खायचा. त्याला ते वाक्य बोलल्याचं आठवतसुद्धा नसेल. मला मात्र त्याचे ओठ कसे हलले तेही आठवतं.

आणि ऑक्टोबरात हा स्वतः दारात! हातात निळा शर्ट. "बारक्या, गळा आवळतोय. जरा सोड."

मी टेप लावली. पंधराचा साडेपंधरा. बटण सरकवून दिलं. तो स्टुलावर बसला, चहा प्यायला. म्हणाला, "आमच्या नकाशात अर्ध्या इंचात एक अख्खं गाव बसतं, तू नुसतं बटण सरकवलंस." मी इतका हसलो की शेजारचा चष्मेवाला डोकावून गेला.

मग नोव्हेंबरात आला. वहिनी तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. गळा पावणेसोळा. मी म्हटलं, "हे काय रे?" म्हणाला, "थंडीने सुजलं असेल. आणि हे बघ, तुझ्या वहिनीच्या कानावर घालू नकोस. ती तिकडचं सोडून पळत येईल. आली की मीच सांगतो." मी म्हटलं बरं.

बरं! एवढंच म्हटलं. आणि मनात काय आलं तेही लिहितो, आता कशाला लपवू—मनात आलं, की दादाने हे मला सांगितलं. वहिनींना नाही. मला.

९ मार्च

कालचं अर्धंच लिहिलं. घाणेरडा भाग राहिलाच.

डिसेंबरात गळा सव्वासोळा झाला. आता बटण सरकवून भागणार नव्हतं, गळपट्टीच बदलायला हवी होती. नवं कापड लावलं तर रंग वेगळा दिसतो—जुना शर्ट धुऊन धुऊन विटलेला असतो. मग मी शर्टाच्या खालच्या घेरातून पट्टी काढली. तेवढाच विटलेला रंग! शर्ट दोन बोटं आखूड झाला, पण दादा तो खोचतो, कुणाला दिसणार? असे चार शर्ट केले. शिवण अशी घातली की मलाच शोधावी लागली. दादा म्हणाला, "कारागीर आहेस हं तू." जन्मात पहिल्यांदा म्हणाला.

त्याच दिवशी पँट कमरेत आत घेतली. छत्तीसची साडेतेहतीस. जानेवारीत साडेबत्तीस, आणि गळा पावणेसतरा.

मला डॉक्टरकी कळत नाही. पण माप कळतं. माणूस सुटतो तेव्हा सगळीकडून सुटतो, वाळतो तेव्हा सगळीकडून वाळतो. गळा चढतोय आणि कंबर उतरतेय, असं माप चाळीस वर्षांत माझ्या वहीत आलं नव्हतं. मला कळलं होतं. नाव माहीत नव्हतं, पण कळलं होतं.

आणि मी वाट बघायचो. दर दोन आठवड्यांनी दादा येईल, स्टुलावर बसेल. त्याच्यासाठी दुसरा कप आणून ठेवला होता. गाठ वाढत होती म्हणून तो येत होता—आणि मी खूश होतो! माझ्यासारखा भाऊ वैऱ्यालाही नको.

१२ मार्च, बुधवार

अहवाल आला. बाईंनी कागदावर गोळे काढून समजावलं. जुना आजार होता तिथेच आहे, पण त्यातल्याच काही पेशींनी स्वभाव बदलला. आता हा वेगळाच कॅन्सर—गाठींचा, चपळ. दिवसादिवसाला वाढणारा. म्हणजे भाडेकरूने पोटमाळ्यावर दुसराच कुणी आणून ठेवला होता. दादा हे बोलून गेला आणि कुणी हसलं नाही.

सलाईनमधून औषधं, दर एकवीस दिवसांनी, सहा वेळा. पाच औषधं मिळून एक डोस. त्यानंतर पुढचं बघू म्हणाल्या. "बरं होईल का" असं वहिनींनी विचारलं. बाई म्हणाल्या, "प्रयत्न जोरात करू. सोपं नाहीये."

बाहेर आल्यावर वहिनी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "मी तिकडे गेले आणि इथे हे झालं. आल्यावरही दीड महिना माझं लक्ष कसं गेलं नाही हो? मी आंधळी होते का भाऊजी?"

मी काय बोललो, तर "वहिनी, चहा आणू का?"

१३ मार्च

दिवसभरात एक पायजमा शिवला. तोही उसवला.

१७ मार्च, सोमवार

पहिला डोस. एक औषध लालभडक, सरबतासारखं. सिस्टर हातमोजे घालून ते हळूहळू दाबत होती. दादाला आधीच सांगितलं होतं—लघवी लाल होईल, घाबरू नका, पाणी भरपूर प्या, किती प्यायलात ते लिहा. दादा म्हणाला, "बारक्या, तू लिही. तुझी नोंद पक्की असते." त्याने मुद्दाम म्हटलं की सहज?

संध्याकाळी वहिनी त्याचे कपडे घडी करत होत्या. निळा शर्ट उचलून बघत राहिल्या. "हा आखूड कसा झाला हो?"

"धुण्यात आटला असेल," मी म्हटलं.

सुती कापड सहा वर्षांनी आटतं का? शिवणारा माणूस हे बोलतो! त्यांनी विश्वास ठेवला. म्हणाल्या, "मीच गरम पाण्यात घातला असेन." हाही दोष त्यांनीच घेतला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात—तसं आज झालं.

२४ मार्च

बायको काज-बटणं करते. आज दोरा ओवता ओवता म्हणाली, "दादांच्या शर्टाचं बटण तुम्ही दोनदा हलवलंत. मागच्या वर्षी."

मी म्हटलं, "कुठे काय?"

"माझी गाठ आणि तुमची गाठ मला ओळखू येत नाही का? आणि मी विचारायच्या आधीच तुमचे कान लाल झालेत. चोराच्या मनात चांदणं."

मग सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडेल. चिडली नाही. सुई कापडात टोचून ठेवली आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांगा. मी काही तुमची माफी द्यायला बसलेली नाही."

खरं आहे. स्वस्तात सुटायला बघत होतो.

३१ मार्च

केस गेले. दादा म्हणाला, "टोपी शीव, डोक्याचं माप घे." टेप लावताना बोटं मानेला लागली. गाठ मऊ वाटली. की मलाच तसं वाटायला हवंय?

७ एप्रिल

दुसरा डोस. आज सांगायचं ठरवून गेलो होतो. वहिनी दमलेल्या दिसल्या. उद्या.

९ एप्रिल

"आत्ताच आलीय, दमलीय, उद्या सांगतो"—हे जानेवारीत वहिनी परतल्यावर दादा म्हणायचा. आता मी म्हणतोय. एकाच आईची लेकरं!

१६ एप्रिल, बुधवार

दादाला ताप. एकशे दोन. तसेच घेऊन गेलो. रक्तातल्या लढणाऱ्या पेशी जवळजवळ शून्य. वेगळ्या खोलीत ठेवलंय, आत जायचं तर तोंडाला मास्क, हात धुवून. बाई स्वतः तीनदा येऊन गेल्या. म्हणाल्या, "पुढचे दोन दिवस महत्त्वाचे."

दुपारी पुतणीचा फोन. बाळ मागे रडत होतं, तीही रडत होती. "काका, माझ्यामुळे झालं का? आई माझ्याकडे आली नसती तर बाबांकडे तिचं लक्ष राहिलं असतं ना?"

म्हटलं, "नाही गं, वेडी आहेस का." फोन ठेवला. पाच महिन्यांचं पोर मांडीवर घेऊन ती रडतेय. आई स्वतःला दोष देतेय, मुलगी स्वतःला दोष देतेय, आणि ज्याने केलं तो 'वेडी आहेस का' म्हणतोय!

१७ एप्रिल

सांगितलं.

सकाळी दुकानात जाऊन खणातून वही काढली. वहिनी वॉर्डाबाहेर पाण्याच्या नळाशी बाटली भरत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, गाठ पंधरा दिवसांची नव्हती. मला ऑक्टोबरपासून माहीत होतं." आणि थांबलोच नाही. बटण, गळपट्टी, घेरातून काढलेलं कापड, चुकवलेली तपासणी—सगळं. बाटली भरून पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं. नळ मी बंद केला.

"वाचून दाखवा," म्हणाल्या.

मी वाचलं. सव्वीस ऑक्टोबर, गळा साडेपंधरा. अठरा नोव्हेंबर, पावणेसोळा. त्यांनी मधेच थांबवलं. "अठरा नोव्हेंबरला बाळ झालं. मी ह्यांना फोन केला होता. हे म्हणाले, मी बारक्याच्या दुकानात बसलोय, मजेत आहे."

हो. तेव्हा टेप त्याच्या गळ्यातच होती. मी हसत होतो पाठीमागे.

मग म्हणाल्या, "मी ह्या घरात पस्तीस वर्षं आहे. तुम्हा दोघा भावांना मीच परकी सापडले?" ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओले पाय तसेच घेऊन आत गेल्या. दोन मिनिटांनी परत आल्या. "उठा. वही घ्या. बाईंना दाखवायची."

बाईंनी पानं उलटली, मोबाईलवर फोटो काढले. मी विचारलं, "तेव्हाच आलो असतो तर?" बाई म्हणाल्या, "कदाचित फरक पडला असता. कदाचित नसता. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काही बोलणार नाही, आणि वाईट वाटावं म्हणूनही नाही. पण पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, तेव्हा सांगायला हवं होतं."

हो.

१९ एप्रिल

ताप उतरला. वहिनींनी माझ्या बायकोला कळवलं, मला नाही.

२८ एप्रिल, सोमवार

तिसरा डोस. वहिनी मला आता 'भाऊजी' म्हणत नाहीत. नुसतं 'तुम्ही'. एवढा एक शब्द काढून घेतला तर माणूस किती उघडा पडतो!

डोस चढायच्या आधी म्हणाल्या, "टेप आणलीय का?"

टेप काय, ती गळ्यातच असते.

"मोजा ह्यांना. गळा आणि कंबर. आकडा मोठ्याने सांगा. मी लिहिणार." आणि माझी वही माझ्या हातातून घेतली. मी मोजलं. गळा सोळा. कंबर बत्तीस. त्यांनी लिहून खाली तारीख घातली. दादा दोघांकडे बघत होता, शाळेत पकडलेल्या पोरासारखा. त्यालाही कळलंय की आम्ही बोललोय.

१९ मे

चौथा डोस. गळा सव्वापंधरा! कंबर साडेबत्तीस, म्हणजे अर्धा इंच अंगावर आलं. वहिनींनी आकडा दोनदा म्हणायला लावला.

त्या औषधं आणायला खाली गेल्या तेव्हा दादा म्हणाला, "बारक्या, एक सांगू? पहिल्यांदा आलो ना तुझ्याकडे, तेव्हा वाटलं होतं तू ओरडशील. टेप फेकशील. म्हणशील, चल आधी डॉक्टरकडे. तू बटण हलवलंस. मग मी म्हटलं, हा काही बोलत नाही म्हणजे काही नसेल."

मी त्याच्या पायापाशी बसलो होतो. वर बघवेना.

"तुझ्यावर ढकलत नाहीये रे," तो म्हणाला. "माझी अक्कलही तेव्हा गहाण पडली होती. पण तू एक तरी शिवी द्यायची होतीस."

आज बाकी काही लिहवत नाही.

३ जून

स्कॅन छान! गाठी जवळजवळ विझल्यात, असं बाई म्हणाल्या. पण हा आजार परत येतो, आणि परत आला की ऐकत नाही. म्हणून तो दबलेला आहे तोवर दुसऱ्याच्या मूळपेशी द्यायच्या—रक्त बनवणाऱ्या. दाता सख्खा भाऊ असला तर उत्तम. जुळायची शक्यता चारात एक.

बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी बाही वर केली. "अहो, थांबा," म्हणाल्या, "नुसती गालातून काडी फिरवायचीय."

फिरवली. चारात एक! आयुष्यात कधी काही मागितलं नाही, आता मागतोय. माझं अंग उसवून त्याला अस्तर लावता येत असेल तर लावा.

२० जून, शुक्रवार

जुळलं! पूर्ण जुळलं!!

वहिनींनीच फोन केला. "भाऊजी," म्हणाल्या. पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला.

२३ जून

दादाकडे गेलो. म्हणतो, "आता तुझं रक्त माझ्यात येणार. म्हणजे मलाही अभ्यास झेपणार नाही." त्याला आठवत होतं! अकरा वर्षं! "चुकलं होतं माझं," असं म्हणाला आणि लगेच पेपर उघडून त्यात तोंड घातलं. पेपर उलटा होता.

वहिनींनी दोघांना चहा दिला. मला लाज वाटत होतीच, ती जायची नाही. पण आज त्या लाजेशेजारी बसून चहा पिता आला.

माझी बाकीची तपासणी उरलीय—रक्त, हृदय, सगळं. आज नऊ नळ्या रक्त घेतलं. आणखी नऊ घ्या म्हटलं.

२७ जून

बाईंचा फोन. सोमवारी एकटेच या म्हणाल्या. कुठली सही राहिली असेल.

३० जून, सोमवार

माझ्याही रक्तात तेच आहे. हळू जातीचं, अगदी सुरुवातीचं. दादाला माझ्या पेशी चालणार नाहीत. बाहेरचा दाता शोधताहेत, मिळेल म्हणाल्या, वेळ लागेल. मला औषध नाही. फक्त लक्ष ठेवायचं.

जिना उतरताना पहिला विचार काय आला? कुणाला सांगायला नको. आत्ताच कुठे सगळे जरा हसताहेत.

तिसऱ्या पायरीवर थांबलो. तिथूनच वहिनींना फोन केला. सगळं सांगितलं. मग दुकानात येऊन गळ्यातली टेप काढून बायकोच्या हातात दिली आणि स्टुलावर बसलो. "माझं माप घे," म्हटलं, "आणि वहीत लिही."

तिने दोनदा मोजलं. नवं पान काढलं, वर माझं नाव घातलं.

गळा साडेचौदा.